शाळेच्या भिंतीवर देव लागला तेव्हा : अमेरिकेतले तुमचे अनुभव

निवडुंग

लेकाच्या दुसरीच्या वर्गात गेल्या आठवड्यात टेन कमांडमेंट्सचं, म्हणजे बायबलमधल्या दहा आज्ञांचं पोस्टर लागलं. टेक्सासचा तोच कायदा, १ सप्टेंबर २०२५ पासूनचा. कोणी पोस्टर दान दिलं की सरकारी शाळेने ते लावायचंच, १६ बाय २० इंचांहून लहान चालणार नाही. ऑगस्टमध्ये फेडरल न्यायाधीशांनी काही स्कूल डिस्ट्रिक्टपुरती स्थगिती दिली होती, त्यात आमचा नाही.

संध्याकाळी मी कणीक मळत होते. लेक ओट्यापाशी आला, "आई, ग्रेव्हन इमेज म्हणजे काय गं?" म्हटलं कोरलेली, घडवलेली मूर्ती. ती करायची नाही, अशी त्यातली एक आज्ञा. जरा वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आपण गणपती केला ते चुकलं का? आणि किल्ल्यावरचे महाराज?"

दिवाळीचा किल्ला अजून पॅटिओवर आहे. अळीव उगवून वाळूनही गेलेत, महाराज सिंहासनावर आणि मावळे एका बाजूला कलंडलेले. सात वर्षांच्या मुलाने त्यांच्याकडे बघून असं विचारावं, हे मला झेपलं नाही. कणकेचे हात तसेच घेऊन बसले त्याच्यापाशी.

आणि मग २००६ आठवलं. ओक्लाहोमा, आमचं पहिलं अपार्टमेंट. बाबा साताऱ्याला वारले आणि व्हिसाच्या कागदांमुळे मला निघता आलं नाही. शेजारच्या आजी रोज येऊन बसायच्या. मी मांस खात नाही हे लक्षात ठेवून माझ्यासाठी वेगळं कॅसरोल करायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, तुझे वडील येशूला ओळखत होते का? मी नाही म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. त्यांच्या लेखी माझे बाबा त्या घडीला कुठे होते, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

त्या आजींवर मी कधीच रागावू शकले नाही. त्यांची श्रद्धा त्यांच्या घरची, आणि त्या माझ्या घरी प्रेमाने आल्या होत्या. पण सरकार जेव्हा तीच श्रद्धा माझ्या मुलाच्या फळ्याशेजारी लावतं, तेव्हा राग येतो आणि तो शांत होत नाही. तुम्हाला काय काय अनुभव आले, लिहा ना. मला आज एकटं वाटतंय.

रानमोगरा

एकटी नाहीस गं. माझ्या मुलीला किंडरगार्टनमध्ये मैत्रिणीने सांगितलं होतं, तू नरकात जाणार पण मी तुझ्यासाठी प्रार्थना करते. २०११, जॉर्जिया. ती मैत्रीण अजून मैत्रीण आहे. डबा भरतेय, नंतर लिहिते.

तिसरी घंटा

निवडुंग, हे सगळं १९८० मध्ये होऊन गेलंय. केंटकीने असाच कायदा केला होता, वर्गावर्गात दहा आज्ञा. सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. शाळेने मुलांकडून प्रार्थना म्हणवून घ्यायची नाही हे तर त्याच्याही आधी, १९६२ ला ठरलं. मग २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या फुटबॉल कोचची केस आली. तो सामन्यानंतर मैदानातच गुडघे टेकून प्रार्थना करायचा. सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि दार किलकिलं झालं. लुइझियानाने २०२४ ला कायदा केला, मागोमाग टेक्सासने. लढाई पुन्हा पहिल्यापासून.

चिंचगूळ

नणंदेचं लिहिते. तिची परवानगी आहे.

डॅलसच्या बाजूला, २०२१ चा नोव्हेंबर. अठराव्या आठवड्यात पाणी गेलं. बाळ वाचणार नाही हे पहिल्याच तासात डॉक्टरांनी सांगितलं. पण ठोके लागत होते. सप्टेंबरपासून टेक्सासमध्ये ठोके लागत असले की गर्भपात करायला डॉक्टरांचे हात बांधलेले. कोणीही उठून केस करू शकतं, जिंकला तर किमान दहा हजार डॉलर. आईच्या जिवाला धोका असेल तर चालतं म्हणे, पण तो धोका पुरेसा कधी होणार? तर म्हणे घरी जा, ताप आला की या.

ताप आला की या!

तीन दिवस घरात दर तासाला थर्मामीटर लावत होतो. नणंदेचा नवरा वहीत आकडे लिहायचा. ९८.९, ९९.४, १००.१. रात्री अडीचला १०२ झाला तेव्हा घेऊन गेलो. ती वाचली. ती वही अजून त्यांच्या कपाटात आहे, तो फेकूही देत नाही आणि उघडतही नाही.

ज्या डॉक्टरबाईंनी घरी जा सांगितलं त्या सांगताना रडत होत्या. त्यांना बोल लावत नाही मी. हे कायदे करणारे भाषणात देवाचं नाव घेतात तेव्हा मला ती वही दिसते.

रानमोगरा

चिंचगूळ, वाचून पोटात गोळा आला. नणंदेला माझ्याकडून मिठी. आता कशी आहे?

चिंचगूळ

बरी आहे. कोलोराडोला गेले ते दोघं.

उत्तररात्र

मी कॅन्ससची. मुद्दाम चांगलं सांगते, नाहीतर आज झोप यायची नाही कोणाला.

जून २०२२ ला रो गेलं, म्हणजे देशभर गर्भपाताचा हक्क देणारा जुना निकाल सुप्रीम कोर्टाने रद्द केला. आमच्याकडे लगेच २ ऑगस्टला मतदान, राज्यघटनेतून गर्भपाताचा हक्क काढायचा की नाही. मी त्याच वर्षी नागरिक झालेले. जुलैच्या उन्हात दारोदार फिरले. चर्चबाहेर 'येस'च्या पाट्यांची रांग, 'नो'ची पाटी अंगणात लावायला लोक घाबरत होते. एका घरी ऐंशीच्या पुढच्या बाई, गळ्यात क्रूस, दारामागे मेरीचं चित्र. म्हटलं इथे आपलं काही काम नाही. त्यांनी आत बोलावलं, आइस टी दिला, आणि हळूच म्हणाल्या, १९६० च्या आसपास माझी बहीण घरातल्या बाथरूममध्ये रक्त जाऊन गेली, मी नो देणार आहे, फक्त आमच्या फादरना सांगू नका.

निकाल लागला तेव्हा नो ५९ टक्के. कॅन्ससमध्ये! ट्रंपना २०२० ला सहज जिंकवणाऱ्या राज्यात. मी आणि नवरा किचनमध्ये उभ्यानेच रडलो.

पाटावरवंटा

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. मी ह्यूस्टनजवळ २२ वर्षं आहे, रिपब्लिकनांना मत देतो. कर, धंदा, कायदा-सुव्यवस्था. फेब्रुवारी २०२१ ला बर्फात वीज गेली तेव्हा समोरच्या चर्चवाल्यांनी दोन रात्री आम्हाला हॉलमध्ये झोपायला जागा दिली, धाकट्यासाठी दूध गरम करून दिलं. कोणी बायबल पुढे केलं नाही. शाळेत देवाचं नाव आलं तर काय बिघडलं? आपल्या शाळेतही सरस्वतीचा फोटो होताच की.

निवडुंग

दादा, रागावले नाही. तुमच्या चर्चवाल्यांसारखेच माझ्या ओक्लाहोमाच्या आजी. माणसं चांगली असतात हो. भांडण माणसांशी नाहीच. सरस्वतीचं म्हणाल तर माझ्या वर्गात दोन मुस्लिम मुली होत्या. वंदनेच्या वेळी त्या हात जोडून खाली बघत उभ्या राहायच्या. त्यांना काय वाटत असेल हे मी तेव्हा एकदाही विचारलं नाही. आता माझा मुलगा तिथे उभा आहे म्हणून कळतंय. उशिरा कळलं, पण कळलं.

पाटावरवंटा

हे मात्र पटलं. विचार करतो.

काळी मैना

पाटावरवंटा, ह्यूस्टनचे आहात तर शुगर लँडचा हनुमान विसरलात का? २०२४ ला ९० फुटांची मूर्ती उभी राहिली, आपण सगळे प्रसादाला गेलो. पुढच्या वर्षी टेक्सासमधून सिनेटला उभं राहू बघणाऱ्या रिपब्लिकन उमेदवाराने जाहीर लिहिलं, खोट्या देवाचा खोटा पुतळा इथे का चालवून घेतोय, आपण ख्रिश्चन राष्ट्र आहोत. २०१९ ला ह्यूस्टनच्या एनआरजी स्टेडियममध्ये मोदींच्या कार्यक्रमाला पन्नास हजार लोकांत माझे आईवडीलही होते. वाटलं होतं आता आपण इथले झालो. त्या पोस्टनंतर बाबा दोन दिवस टीव्ही लावत नव्हते.

त्यांच्याशी वाद घालवत नाही. ते इथे धर्मवाल्यांना घाबरतात, आणि तिकडचे धर्मवाले त्यांना आपले वाटतात. दाभोलकरांचा खून झाला तेव्हा ते पुण्यातच होते, २० ऑगस्ट २०१३, ओंकारेश्वराच्या पुलावर फिरायला जाणारे. तरीही.

सुपारी

माझा नवरा मिसूरीचा, बॅप्टिस्ट घरातला. लग्नाला १४ वर्षं. सासूबाई नातीला दर वाढदिवसाला मुलांचं बायबल पाठवतात, आत सुंदर अक्षरात दोन ओळी. सहा झालीत. मी सांभाळून ठेवलीत सगळी.

ऑक्टोबरच्या शेवटी मिसिसिपीत उपाध्यक्ष व्हॅन्स बोलले ना, हिंदू बायकोनेही आपल्यासारखं चर्चकडे वळावं अशी इच्छा आहे म्हणून, ते मी गाडीत ऐकलं. घरी पोचेपर्यंत सासूबाईंनी तीच क्लिप पाठवली होती. खाली फक्त एक हृदय. इतकी वर्षं जेवणाच्या टेबलावर जे कोणी बोलत नव्हतं, ते आता देशाचा उपाध्यक्ष हजारो पोरांसमोर बोलतो. नवऱ्याने आईला फोन केला. दार लावून बोलत होता, काय बोलला विचारलं नाही.

रानमोगरा

हे ऐकून आनंदीबाई आठवल्या. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मिशनरी वाइल्डरना पत्र लिहिलं, तर उत्तराचा सूर असा की आधी ख्रिस्ती व्हा. तो पत्रव्यवहार त्यांच्या मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी तो दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचला आणि आपणहून मदतीचा हात पुढे केला. त्याही ख्रिस्तीच की. आनंदीबाई धर्म न बदलता १८८६ ला फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या.

हळदकुंकू

कार्पेंटर मावशी! आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. माझ्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी मावशी झाले होते, केस पांढरे दिसावेत म्हणून पीठ लावून. निवडुंग, विषयांतर करते, पण गणपतीला माती कोणती वापरतेस? इथे शाडू मिळत नाही.

निवडुंग

क्राफ्टच्या दुकानातली हवेत वाळणारी माती वापरून पाहिली, पण ती बादलीत नीट विरघळत नाही. सिरॅमिकवाल्यांकडे पॉटरीची माती मिळते, २५ पौंडांची पिशवी. ती छान विरघळते. आमचा गणपती आता कढीपत्त्याच्या कुंडीत आहे.

तिसरी घंटा

पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरचं लिहायचं राहिलं. मी तेव्हा तिथून अर्ध्या तासावर राहायचो. स्कूल बोर्डाने ठरवलं, नववीला उत्क्रांती शिकवण्याआधी एक निवेदन वाचायचं, की डार्विनच्या सिद्धांतात त्रुटी आहेत, इंटेलिजेंट डिझाइनचंही, म्हणजे जीवसृष्टी कोणा बुद्धिमान कर्त्याने घडवली असं मानणारं पुस्तक लायब्ररीत आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी वाचायला सरळ नकार दिला. शेवटी वरच्या अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन वाचलं. अकरा पालक कोर्टात गेले. २० डिसेंबर २००५ ला निकाल लागला, हे विज्ञान नाही, धर्म आहे. न्यायाधीश बुश यांनी नेमलेले, स्वतः रिपब्लिकन. त्याच्याआधी नोव्हेंबरमध्येच गावाने निवडणुकीला उभे असलेले त्या बाजूचे सगळे सदस्य पाडले होते. म्हणून म्हणतो, स्कूल बोर्डाच्या निवडणुका सोडू नका. तिथे फार थोड्या मतांनी उलटापालट होते.

निवडुंग

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. चिंचगूळ, ती वही डोळ्यांपुढून जात नाही.

आमच्या बोर्डाची मीटिंग सोमवारी आहे. नाव नोंदवलंय. तीन मिनिटं मिळतात. मी लिहून काढलं आणि वाचून बघितलं तर पाच मिनिटं दहा सेकंद होतंय. बाबांचं काढून टाकावं लागेल बहुतेक. गणपतीचं ठेवते.

काळी मैना

बाबांचं ठेव. कायद्याची कलमं काढ, ती बोर्डाला माहीत आहेत.

पाटावरवंटा

तुमचा डिस्ट्रिक्ट आमच्या शेजारचाच दिसतोय. सोमवारी किती वाजता?

निवडुंग

साडेसहा. पण पावणेसहाला या दादा, जागा भरते. पार्किंग जिमच्या मागे.