टेनेरिफ ते मायामी, सलग आठ दिवस समुद्र: आईबाबांचे दिवस कसे जातील?

निशिगंध
आईबाबा (वय 68 आणि 72) नोव्हेंबरअखेर बार्सिलोनाहून मायामीला क्रूझनं जाणार आहेत. 14 रात्रींचा प्रवास. टेनेरिफ (अटलांटिकमधलं स्पेनचं बेट) सोडलं की आठ दिवस जमीन दिसणार नाही. आई पक्की शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाबांना घाटात गाडी लागते. केबिन अजून निवडलेली नाही. जेवण आणि कपडे यांचं काय करायचं, आणि मुख्य म्हणजे आठ दिवस ते करणार काय?

डोलकाठी
आधी केबिनचं बघा, कारण ती नंतर सहज बदलून मिळत नाही. जहाज दोन तऱ्हांनी हलतं. डावी-उजवीकडे झुलतं, आणि नाळ (पुढचं टोक) वर जाते तेव्हा मागची बाजू खाली जाते, सी-सॉसारखं. स्टॅबिलायझर म्हणजे जहाजाच्या पोटाला असलेले पंख. ते झुलणं बरंच आवरतात, पण सी-सॉ थांबवत नाहीत. म्हणून लांबीनं बरोबर मध्यावरची आणि खालच्या डेकवरची केबिन घ्या. वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या महागड्या बाल्कनीपेक्षा मधली साधी खिडकीची केबिन बाबांना जास्त सोसेल. नकाशात वरचा-खालचा डेकही तपासा. डोक्यावर थिएटर किंवा डिस्को आला, तर रात्री एक वाजेपर्यंत धडधड.

घाबरू मात्र नका. या दिवसांत त्या दक्षिणेकडच्या वाटेवर व्यापारी वारे बहुतेक पाठीमागून येतात, त्यामुळे डेकवर वाराही कमी लागतो. बार्सिलोना ते टेनेरिफ हा टप्पाच कधीकधी जास्त हलवतो.

बोट लागण्याची गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची. उलट्या लागल्यावर ती पोटात टिकत नाही. अ‍ॅव्होमिन चालते, पण झोप येते. कानामागे लावायचा पॅच तीन दिवस काम करतो, तो निघण्याच्या काही तास आधी लावतात आणि लावल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना हात लावत नाहीत. प्रोस्टेट किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर या दोन्हींबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका. 72 व्या वर्षी हे महत्त्वाचं.

मेतकूट
बुकिंगमध्ये नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नका, त्यात अंडं येतं. 'इंडियन व्हेजिटेरियन, नो एग' असं लिहा आणि कंपनीकडून ईमेलवर होकार घ्या. तेवढ्यानं भागत नाही. पहिल्याच रात्री डायनिंग रूमच्या हेड वेटरला भेटा. मोठ्या जहाजांवर उद्याचा मेनू आज रात्री दाखवून भाजी, डाळ, भात सांगून ठेवता येतो. आयत्या वेळी मागितलं तर उकडलेल्या भाज्यांची ताटली पुढे येते, कारण दोन-तीन हजार माणसांचं जेवण तासाभरात वाढायचं असतं. टेबल आणि वेळ ठरलेली घ्या, म्हणजे रोज तोच वेटर असतो आणि आईला रोज नव्यानं समजावत बसावं लागत नाही. जहाजांवर गोव्याकडची मंडळी पुष्कळ असतात, कोकणीत दोन शब्द बोलून बघायला हरकत नाही.

फसवणारे पदार्थ: सूप (बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात केलेलं), मूस आणि पॅना कोटा ही गोडं (जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं), केक (अंडं). घरी शिजवलेलं सहसा जहाजावर नेऊ देत नाहीत. सीलबंद चिवडा, मेतकूट, कोरडी चटणी चालते. मायामीत उतरताना फळं मात्र बॅगेत ठेवू नका, बुफेतून उचललेलं सफरचंदसुद्धा नाही. अमेरिकेच्या कस्टम्समध्ये न सांगितलेल्या फळाला दंड होतो.

निशिगंध
दोघांनाही धन्यवाद. खिडकीची केबिन घ्यायची तर डावी बाजू की उजवी? आणि बाबांना डायबेटिस आहे, हे लिहायचं राहिलं.

पाचवा_डेक
पश्चिमेकडे जाताना डावी बाजू दक्षिणेला येते, म्हणजे नोव्हेंबरात दिवसभर ऊन तिकडे. उजवीकडे सावली. डेकवरही हेच धरून बसा.

डायबेटिससाठी घड्याळ सांभाळा. टेनेरिफ ते मायामी पाच तासांचा फरक, म्हणून पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे जातं आणि ते दिवस 25 तासांचे होतात. इन्सुलिन असेल तर वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या. फोनवर विसंबू नका. मध्यसमुद्रात वेळ सांगणारा टॉवर नसतो, साधं मनगटी घड्याळ बरं. फोन एअरप्लेन मोडवर ठेवायचा, नाहीतर तो जहाजाचं रोमिंग पकडतो आणि बिल डोळे पांढरे करतं. औषधं आठवडाभर जादा घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा. पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते.

वेळेचं म्हणाल तर उद्याचा कार्यक्रम आदल्या रात्री कागदावर किंवा अ‍ॅपवर येतो. त्यातल्या दोनच गोष्टींवर खूण करायची, एक सकाळची आणि एक दुपारची. सगळीकडे धावणारी माणसं तिसऱ्या दिवशी दमतात. व्याख्यान, ब्रिज (पत्त्यांचा खेळ), नाचाचा वर्ग यांना तीच ती माणसं येतात, ओळखी तिथेच होतात. सकाळी साडेसहाला चालायच्या डेकवर गर्दी नसते. किती फेऱ्यांचा मैल हे तिथे पाटीवर लिहिलेलं असतं. थिएटरचा खेळ बहुधा रात्री दोनदा होतो, जेवणाच्या वेळेनुसार निवडा.

सुती_पंचा
कपड्यांचं राहिलं. काही जहाजांवर स्वतः धुवायची मशीन असतात, काहींवर अजिबात नसतात, आधी विचारा. नसतील तर प्रवासाच्या मध्यावर 'एक पिशवी भरा, ठरावीक पैसे' अशी सोय बऱ्याचदा निघते. त्यात अंतर्वस्त्रं आणि टीशर्ट घाला, रेशमी काही नको. बाकी बेसिनमध्ये. धुतलेला कपडा कोरड्या टॉवेलवर पसरून गुंडाळायचा आणि पिळायचा, मग शॉवरमधल्या दोरीवर. सिंथेटिक रात्रीत वाळतं. जीन्स दोन दिवस ओली राहते आणि कुबट वास मारते, नेऊच नका. बाल्कनीत वाळत घालायला बंदी असते.

इस्त्री, किटली आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा भाग) असलेला एक्स्टेन्शन बोर्ड चढतानाच काढून घेतात. जहाजावरची वीज घरच्यासारखी अर्थ केलेली नसते, तिथे सर्ज प्रोटेक्टर पेट घेऊ शकतो. केबिनच्या भिंती बहुतेक पोलादी असतात, चुंबकाचे चार हुक न्या. टोप्या, पिशव्या, ओले पंचे सगळं त्यावर लटकतं.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, बूट आणि पासपोर्ट आधी बाजूला काढा. नाहीतर मायामीत पायजम्यात उतरायची वेळ येते.

डोलकाठी
व्हिसा: अमेरिकेचा बी1/बी2 (पर्यटनाचा) आणि शेंगेन (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्रित). वाटेत मोरोक्कोचं बंदर असेल तर शेंगेन मल्टिपल एंट्रीच हवा, कारण टेनेरिफला पुन्हा स्पेनमध्येच शिरायचं आहे.