मदत हवी आहे: शीडहोडीचा व्हॉल्व्ह गुलाबी पडलाय, डेक मऊ लागतोय. पावसाळ्यात कोल्हापुरात काय काय उरकता येईल?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात छोटं मशीनशॉप आहे. चार वर्षांपूर्वी एक जुनी बावीस फुटी फायबरची शीडहोडी घेतली. आत चार माणसं आडवी होतील एवढी केबिन, तळातून खाली सोडायची आणि वर उचलता येणारी फळी म्हणजे सेंटरबोर्ड, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन. दसरा झाला की ट्रेलरवरून विजयदुर्गला नेतो, वाघोटणच्या खाडीत ठेवतो, आणि मेमध्ये परत घाट चढवून वर आणतो. खाली कोळी मंडळी आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारतात. मला मात्र दर आठवड्याला जाऊन बघणं जमत नाही, म्हणून होडी डोळ्यांसमोर हवी. मेव्हण्यांचं गुऱ्हाळ पावसाळ्यात बंद असतं. त्या पत्र्याच्या शेडमध्ये ती चार महिने राहते. गुऱ्हाळ पेटायच्या आत जागा रिकामी करून द्यायची, एवढीच अट.

आता अडचण सांगतो.

कॉकपिटमध्ये आलेलं पाणी बाहेर जाण्यासाठी एक पाइप आहे. त्याला पाण्याच्या पातळीखाली एक बॉल व्हॉल्व्ह बसवलाय. मूळचा घट्ट झाला होता, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी नळाच्या सामानाच्या दुकानातून पितळी व्हॉल्व्ह आणून लावला. दिसायला चकाचक, आटे बरोबर, गळती शून्य. परवा शेडमध्ये तारेच्या ब्रशने घासला तेव्हा पिवळा रंग यायच्या जागी गुलाबी डाग दिसला, नव्या तांब्याच्या भांड्यासारखा. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं तर विटेची भुकटी पडावी तशी लालसर पूड पडली. रोज धातूत हात असणारा माणूस मी, पण क्षणभर पोटात गोळा आला.

कारण फेब्रुवारीत मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी विजयदुर्गहून देवगडला गेलो होतो. सागरी अकरा-बारा मैल. दुपारच्या वायव्येच्या वाऱ्याने पाठीवर घेतलं, शीड उघडं टाकून मजेत पोचलो. रात्री देवगड बंदरात नांगर टाकला. मुलगी मागच्या बाजूच्या बाकावर झोपली होती. तो व्हॉल्व्ह तिच्या पायांपासून हातभर अंतरावर होता. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यावर निघून परत आलो, काही झालं नाही. पण ते आठवलं की अजून झोप लागत नाही.

दुसरी गोष्ट डेकची. डोलकाठी डेकवर उभी आहे, खाली केबिनमध्ये तिला आधाराचा खांब आहे. डोलकाठीच्या बुडाशी उभं राहिलं की पाय किंचित दबतो. रुपयाच्या नाण्याने ठोकून पाहिलं. कडेला टणटण आवाज येतो, बुडाभोवती वीतभर भागात नुसता ढप ढप. आतला प्लाय भिजून कुजला असावा.

शिवाय डोलकाठीला ताणून धरणाऱ्या डाव्या बाजूच्या स्टीलच्या तारेचा एक धागा खालच्या टोकाशी तुटलाय. कापसाने पुसताना कापूस अडकला म्हणून कळलं. शिडं ठीक आहेत, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून घडी घातलीत.

माझे प्रश्न असे: व्हॉल्व्ह इथेच ओतून घेतला तर चालेल का, आणि कोणत्या धातूचा? डेकचं काम पावसाळ्यात करावं की थांबावं? एक धागा तुटलाय तर एकच तार बदलावी की सगळ्या?

मोल्डिंगशॉप

भावा, तुझ्या व्हॉल्व्हचं जस्त निघून गेलंय. साध्या पितळेत तीस-चाळीस टक्के जस्त असतं. खारं पाणी ते हळूहळू ओढून घेतं आणि मागे तांब्याचा स्पंज उरतो. आकार जसाच्या तसा राहतो, ताकद जाते. म्हणूनच तुला दोन वर्षं काही कळलं नाही. एखाद्या दिवशी पाइप बदलताना जोर लावला असतास तर आटे हातात आले असते.

ओतायचाच तर गनमेटलमध्ये ओत. 85-5-5-5, म्हणजे तांबं 85 आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी 5. पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या बॉडीला आपल्याकडे हाच माल मागतात, कुठल्याही ओतकामवाल्याला सांगितलं की कळेल. फक्त भंगारातले नळ वितळवून केलेला माल घेऊ नकोस. तो गनमेटल म्हणून विकतात आणि जस्त दुपटीने असतं. टेस्ट सर्टिफिकेट माग, नाहीतर स्वतः तुकडा तपासून घे. आणि कास्टिंगला बारीक छिद्रं असतात, तेव्हा मशीनिंग झाल्यावर टोकं बंद करून आत हवा भर आणि बादलीत बुडवून बघ. बुडबुडा आला तर ते कास्टिंग बाजूला टाक, वेल्डिंग करून वाचवायच्या फंदात पडू नकोस.

खाडीकाठ

मी रत्नागिरीकडचा, वीस वर्षं होड्या दुरुस्त करतो. वरच्यांचं बरोबर आहे, पण मला विचाराल तर ओतण्याचा उद्योग कशाला? काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनचे होडीसाठीच बनवलेले व्हॉल्व्ह मिळतात, त्यांना गंजच नाही. जस्त न सुटणारं डीझेडआर पितळही असतं. तुम्ही मशीनशॉपवाले, तुम्हाला धातूचाच मोह होणार हे मी समजू शकतो.

काहीही बसवा, पण त्याच्या शेजारी मऊ लाकडाचं निमुळतं बूच दोरीने बांधून ठेवा. प्रत्येक भोकाला एक. व्हॉल्व्ह तुटला तर शोधायला वेळ नसतो, हात घातला की बूच मिळालं पाहिजे.

आता दोन गोष्टी विचारतो. तुमच्या होडीला जस्ताची वडी, म्हणजे बाकी धातूऐवजी स्वतः झिजणारी, लावलेली आहे का, आणि ती किती उरली? आणि होडी खाडीत असताना बॅटरी जोडलेलीच ठेवता का? कुठे ओली वायर तळातल्या पाण्याला टेकत असेल तर दोन वर्षांत व्हायची ही झीज दोन महिन्यांत होते.

धागाकर्ता

खाडीकाठ काका, जस्ताची वडी आहे, सेंटरबोर्डच्या पिनेजवळ. पण तिच्यावर पांढरी कडक खपली धरली होती आणि आत वडी जवळजवळ आख्खी होती. मला वाटलं बरंच आहे, टिकली!

बॅटरी जोडलेली होती. तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची वायर तपासली, एका जोडावर टेप सुटून तांबं हिरवं पडलंय. तो जोड तळाच्या पाण्यापासून चार बोटांवर आहे.

खाडीकाठ

टिकली नाही, झोपली. जस्ताची वडी झिजलीच पाहिजे, ते तिचं काम. खाडीच्या आतल्या भागात पाणी निमखारं असतं. तिथे जस्तावर खपली धरते आणि ते काम थांबवतं. निमखाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमची वडी लावा, ती खाऱ्यातही चालते. आणि तुमचा व्हॉल्व्ह तारेने त्या वडीला जोडलेला नसेल तर वडी त्याला तसंही वाचवत नव्हती. तो वायरचा जोड वर उचला, उष्णतेने आकसणारी नळी लावा.

फायबरवाली

डेकबद्दल मी सांगते. आमचं सांगलीला फायबरचं काम आहे, टाक्या आणि होड्या दोन्ही.

पावसात एपॉक्सी रेझिनचं काम करता येतं, पण घाईत नाही. हवा दमट असली की सुकलेल्या थरावर मेणचट, तेलकट पापुद्रा येतो. तो तसाच ठेवून पुढचा थर दिलात तर दोन्ही सुटे राहतात. प्रत्येक थरानंतर साध्या पाण्याने आणि खरबरीत स्पंजने धुवा, पुसा, पॉलिश पेपर मारा, मगच पुढचा. आणि साध्या पॉलिएस्टर रेझिनवर एपॉक्सी बसतं, पण एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. मधेच रेझिन संपलं म्हणून दुसरं आणू नका.

काम असं: डेकच्या फायबरची वरची कातडी ग्राइंडरने चौकोनी कापून अखंड उचला, ती परत लावायची आहे. खालचा काळा पडलेला प्लाय सगळा खरवडून काढा, जिथे लाकूड कोरडं आणि पिवळं लागेल तिथपर्यंत. मग वाळवा. पंखा आणि बल्ब लावून आठवडाभर, गुऱ्हाळाच्या शेडमध्ये हवा खेळते हे चांगलं. डोलकाठीच्या बरोबर खाली थर्माकोल किंवा फोम अजिबात नको, तिथे वरून दाब येतो. आयएस 710 शिक्क्याचा मरीन प्लाय घाला किंवा नुसते काचेच्या कापडाचे थर भरून भरीव करा.

मूळ पाणी मात्र बोल्टांच्या भोकांतून शिरलंय. म्हणून प्रत्येक भोक आधी मोठं पाडा, दाट एपॉक्सीने भरा, मग त्यातून हव्या त्या मापाचं भोक पाडा. पुढे सील सुटलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचणार नाही. सिलिकॉन वापरू नका, ते एकदा लागलं की त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही. ब्युटाइल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी, घ्या.

करवीरकर

डेक आणि धातूतलं मला कळत नाही, पण शेड कुठे आहे? नदीकाठची गुऱ्हाळं 2019 ला आणि 2021 ला पाण्यात होती. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. ट्रेलरवरची होडी पाण्यात तरंगायला लागली तर पत्र्याला आदळून फुटेल. जागा उंचावर नसेल तर आत्ताच सांगा, आमच्याकडे कागलच्या बाजूला रिकामं गोडाऊन आहे.

धागाकर्ता

करवीरकर दादा, मनापासून आभार. शेड माळावर आहे, दोन्ही महापुरांत पाणी खाली ओढ्यापर्यंतच आलं होतं. तरी होडी ट्रेलरला आणि ट्रेलर खांबाला बांधून ठेवतो.

खाडीकाठ

तारेचं राहिलं. एक धागा तुटला म्हणजे त्या टोकाच्या दाबलेल्या सॉकेटात गंज शिरला असावा. बाकीच्या त्याच वयाच्या आहेत ना? मग सगळ्या बदला. 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची, एकोणीस धाग्यांची तार. एक तार सुटली तर डोलकाठी जाते, आणि ती जाताना खाली कोण बसलंय हे बघत नाही.

आणि घाटातून उतरलात की ट्रेलर लगेच पाण्यात घालू नका. चाकांच्या बेअरिंग गरम असतात, थंड पाणी लागलं की हब आत खारं पाणी ओढतो. तासभर चहा प्या, मग होडी सोडा.

धागाकर्ता

आठवड्याने लिहितोय. व्हॉल्व्ह बँडसॉवर मधोमध कापला. भिंत तीन मिलिमीटरची. त्यातला आतला पिवळा भाग जेमतेम एक मिलिमीटर उरलाय, बाकी सगळा गुलाबी. कापलेला अर्धा भाग मुलीच्या हातात दिला. तिने नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, बाकीची भोकं पण बघूया." बघितली. सिंकच्या निचऱ्याचा व्हॉल्व्हही त्याच दुकानातला, त्याचीही सुरुवात झालीय.

डेक उघडला. प्लाय चहाच्या चोथ्यासारखा निघाला, तोही डोलकाठीच्या डाव्या बाजूच्या दोन बोल्टांभोवतीच. कडेचा कोरडा आहे. पंखा लावलाय. तारा सगळ्या बदलतोय.

नायलॉनचे व्हॉल्व्ह चांगले असतील, काका, पण गनमेटलचेच करतोय. स्वतः ओतून घेतलेला, स्वतः तपासलेला असला तरच मला तिथे मुलीला झोपवता येईल. साच्यासाठी लागणारा पॅटर्न ओतकामवाल्याला दिलाय, मृग लागायच्या आत कास्टिंग येतील. सहा बार दाबाची हवा भरून बादलीत बघतो आणि काय निघालं ते इथेच टाकतो.