मदत हवी आहे: गरोदरपणात उजनीचा मासा खावा का?

नमस्कार मंडळी. आमचं गाव भिगवणजवळ, त्यामुळे घरात उजनीचा मासा ठरलेलाच: चिलापी, मरळ, कधी शिंगाळा. वहिनींना पाचवा महिना लागलाय आणि आईचा आग्रह, मासा खाल्लाच पाहिजे. पण पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून याच धरणात येतं, म्हणून मन धजत नाही. घाण पाण्याचा निदान वास तरी येतो. शिसं, कॅडमियम, पारा कळतही नाहीत आणि शिजवून जातही नाहीत.

पारा मांसातच साठतो, मोठ्या शिकारी माशांत जास्त, आणि गर्भाच्या मेंदूला तो घातक, एवढं वाचलंय. म्हणजे मरळ बंद, चिलापी चालेल का? पण चिलापी तर तळाचा गाळही खाते! शिसं-कॅडमियम काळीज, कल्ले, काटे यांत जास्त असतात. मग डोकं नि काळीज टाकून नुसत्या तुकड्यांचं कालवण केलं तर कितपत फरक पडेल?

पुणे-सोलापूरकडच्या प्रयोगशाळेत कुणी मासा तपासून घेतलाय का? नमुना किती लागतो, बर्फात न्यावा लागतो का, खर्च किती? ‘मासाच सोडा’ हा सल्ला नको, आई ऐकणार नाही.