मदत हवी आहे: बेलारूसचा प्रमुख, मोटार अपघात, १९७६ की १९८०?

तळ्यातमळ्यात: सोव्हिएत काळात बेलारूसचा प्रमुख मोटार अपघातात गेला, त्याचं साल हवंय. एकीकडे १९७६ दिसतंय, दुसरीकडे १९८०. आज रात्री मजकूर छपाईला जातोय. गूगल करा म्हणू नका, तिथूनच आलोय.

कडूकारलं: नाव?

तळ्यातमळ्यात: प्रमुख म्हणजे प्रमुख. एकच असणार ना!

लालदिवा: मग प्योत्र माशेरव. बेलारूसच्या कम्युनिस्ट पक्षाचा प्रथम सचिव, १९६५ ते १९८०. मूळचा गणित-भौतिकशास्त्राचा मास्तर. जर्मन घुसल्यावर जंगलात जाऊन गनिमी लढवय्यांचा म्होरक्या झाला. जर्मनांनी त्याच्या आईला ठार मारलं. नाझींनी जाळलेल्या खातिन गावाचं स्मारक त्याच्याच कारकिर्दीतलं, १९६९. ४ ऑक्टोबर १९८० ला स्मल्याविचीजवळ बटाटे भरलेल्या ट्रकशी गाडीची टक्कर झाली. १९८० लिहा नि मोकळे व्हा.

चहाबाज: टक्कर कसली, काटा काढला त्याचा! कोसिगिनच्या जागी अख्ख्या सोव्हिएत संघाचा पंतप्रधान होणार होता.

लालदिवा: पुरावा द्या. ट्रकचालकाला पंधरा वर्षांची शिक्षा झाली होती. बडा माणूस रस्त्यावर गेला की कट शिजलाच पाहिजे का?

चहाबाज: शिक्षा झाली म्हणजे कट नव्हता? वा!

निवांत_काका: यावरून आठवलं. तिथलाच आधीचा प्रथम सचिव पनमारेन्का पुढे १९५७ ते ५९ भारतात सोव्हिएत राजदूत होता. नंतर नेदरलँड्समध्ये विमानतळावर पोलिसांशी झटापट केली, १९६१ मध्ये हाकलला गेला. यावर वेगळा धागा काढू का?

कडूकारलं: काका, नको. धागाकर्ते, १९७६ च्या नोंदीत पद काय लिहिलंय?

तळ्यातमळ्यात: सर्वोच्च सोव्हिएतच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, अध्यक्षमंडळाचा अध्यक्ष. त्याने काय फरक पडतो?

कडूकारलं: अहो, सगळा फरक तिथेच आहे! तो फ्योदर सुर्गानव. १९७१ पासून त्या पदावर, डिसेंबर १९७६ मध्ये तोही मोटार अपघातातच गेला. दोन्ही सालं बरोबर, माणसं दोन. सुर्गानव कागदोपत्री राष्ट्रप्रमुख, खरी सूत्रं माशेरवकडे.

लालदिवा: सरकार तिसऱ्याच्या हाती, हेही लिहा. तीखन किसल्योव १९५९ ते ७८ मंत्रिमंडळाचा अध्यक्ष होता. माशेरव गेल्यावर प्रथम सचिव हाच.

तळ्यातमळ्यात: तिसरा नको! फोटो एकच आहे माझ्याकडे, खाली नाव नाही. हा दोघांपैकी कोण?

कडूकारलं: फोटो टाकाल तर सांगू.