अनुभव धागा: सोलापूर, वाडा एक, नळ एक, भाषा चार

साखरपेठी
काल ऑफिसात (हिंजवडी) दोन तासांचं ट्रेनिंग झालं, वेगवेगळ्या संस्कृतींच्या माणसांबरोबर काम कसं करावं यावर. शेवटी बाईंनी विचारलं, बहुभाषिक वातावरणात कोण वाढलंय? एकच हात वर. सिंगापूरला शाळा झालेला पोरगा. मी गप्प बसलो, पण डोक्यात एकदम आमचा साखर पेठेतला वाडा उभा राहिला.

खाली पद्मशालींची, म्हणजे तेलुगू विणकरांची दोन घरं, माग घरातच. जिन्यापाशी कन्नड बोलणारे जंगम काका. मागच्या खोल्यांत रेल्वेतले चाचा. वर आम्ही. नळ एक, पाणी तीन-चार दिवसांआड. रात्री अडीचला खालून ‘नीळ्ळू वच्चिनै’, जिन्यावरून ‘नीर बंतु’, मागून ‘पानी आया रे’, आणि आई उठायची ती थेट मराठीत करवादत. भांडण ज्याच्याशी, त्याच्या भाषेत करायचं. शिवी समोरच्याला कळायला नको? सहाव्या वर्षी मला तीन भाषांतल्या शिव्या यायच्या, अर्थ एकीचाही माहीत नव्हता.

तुमचंही लिहा.

विडीवाल्याआजीचीनात
कुकर लावलाय, पटकन लिहिते. आजी मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची. मराठी शाळेत गेले मी, पण पाढे पक्के झाले तेलुगूत, तिच्या मोजण्यामुळं. ओकटि, रेंडु, मूडु... पंचवीसला दोरा. अजून भाजीवाल्याला पैसे मोजताना ओठ तेलुगूच हलतात. नवरा साताऱ्याचा, तो म्हणतो मंत्र पुटपुटतेस काय.
आणि नारळी पौर्णिमेला आमच्या पद्मशालींच्या मार्कंडेयाचा रथ!! त्याबद्दल नंतर, शिट्टी झाली.

कडकभाकरी
काय करलालाव बे सगळे. रविवारी सकाळी धागा काढायचा नाही, भूक लागती. पार्क चौकात डिस्को भजी खाऊन किती वर्षं झाली...

साखरपेठी
@कडकभाकरी विषयावर ये बे.

कडकभाकरी
भजी हाच विषय हाय. बरं, घे. मस्कतला कामाला होतो. हॉटेलात अंघोळ करून टॉवेल घेतला, लेबल बघितलं तर सोलापूर! फोटो काढून बायकोला पाठवला. ती म्हणाली, आणू नका, घरात चाळीस हाईत.

जुनीमिल
माझे पणजोबा मिलमध्ये होते म्हणून थोडं लांबण लावतो. ही सरमिसळ कुणी ठरवून केली नाही. १८६० ला रेल्वे आली, १८७७ ला कापडाची पहिली गिरणी, तीच आपली जुनी मिल. तेलुगू विणकर त्याच्याही आधीपासून येत होते, गिरण्या झाल्यावर रीघ लागली. कन्नड मुलूख तर शेजारीच. माग चालवायला माणूस हवा होता, तो घरी काय बोलतो हे मुकादमाला बघायचं नव्हतं. कांडी भरली का, एवढंच.
चार हुतात्म्यांची नावं सलग म्हणून बघा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३० चा मार्शल लॉ, मग १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. सगळं गाव आलं त्या चार नावांत.

भैय्याचौक
+१. डॉ. द्वारकानाथ कोटणीस विसरलात की हो. जन्म आपल्या सोलापुरातला, १९१०. १९३८ ला भारतातून डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात होते. चिनी शिकले, तिथंच लग्न केलं, १९४२ ला तिथंच गेले. वय फक्त ३२. मुलाचं नाव यिनहुआ, म्हणजे यिन भारत नि हुआ चीन.
शाळेत असताना चिनी पाहुणे आले होते, आम्हाला फुलं देऊन रांगेत उभं केलं. उन्हात दोन तास. पाहुणे आले तेव्हा माझ्या हातात नुसता देठ उरला होता, तोच दिला. त्यांनी वाकून घेतला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विडीवाल्याआजीचीनात
देठ 😂😂

तारेच्याआत
गोडगोड चाललंय म्हणून लिहितो. आमचे आजोबा सेटलमेंटमध्ये जन्मले. इंग्रजांचा गुन्हेगार जमात कायदा, अख्ख्या जमातीला जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा. भोवती तारेचं कुंपण, रोज हजेरी, बाहेर जायचं तर पास. १९५२ ला कायदा गेला, तरी पत्ता सांगितला की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे मी स्वतः २०१४ ला खोली शोधताना बघितलंय. मालक चार भाषा बोलत होता. नाही म्हणायला एकच पुरली.

साखरपेठी
@तारेच्याआत खरंय. आमच्या वाड्यातपण चाचांच्या घरचं पाणी आजी प्यायची नाही. भांडायची मात्र रोज. वर लिहिताना हे बरोब्बर गाळलं मी.

जुनीमिल
...

गड्ड्यावरहरवलेला
सगळं वाचलं नाही. गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत हरवलो होतो, पाच वर्षांचा. नंदीध्वजाच्या काठ्या बघत हात सुटला, आणि ज्याला त्याला पांढरी बाराबंदी, बाबा कोणते कळेना. एका बाईनं कन्नडमध्ये विचारलं, मी तेलुगूत रडलो, पोलिसानं हिंदीत नाव विचारलं. शेवटी भेंडबत्तासेवाल्यानं ओळखलं, ‘हे आपल्या दत्तनगरातलं पोरगं की बे.’

कडकभाकरी
पुण्याला कोण येतंय का हुतात्मा एक्स्प्रेसनं या शनिवारी? शेंगा चटणी एक किलो. कांडपाची पाहिजे, मिक्सरची नको.

भैय्याचौक
मी येतोय. एक किलोच बरं का, मागच्या वेळी तुझं ऐकून सहा किलो आणली, डबाभर वास.

विडीवाल्याआजीचीनात
आले परत. तर रथाचं सांगत होते, त्या दिवशी पूर्व भागात आमच्या दारात पहाटेच रांगोळी, आणि आजी ठेवणीतली
थांबा, नळ आला. पळते.