देवराई हा धर्माचा विषय की बॉटनीचा?

माटोळी_फोंडा:
एमएच्या प्रोजेक्टला आमच्या गावची राय, म्हणजे देवराई, घ्यायची म्हटलं तर सर म्हणाले हा बॉटनीचा विषय, धर्माच्या अभ्यासात कशाला. पण देवाची म्हणूनच ती कोणी तोडली नाही ना? बाहेर धर्माचे अभ्यासक पर्यावरणाकडे कसे वळले, कोणी सांगेल का?

जुनी_पोथी:
सुरुवात एका आरोपापासून झाली बघा. लिन व्हाइट म्हणून मध्ययुगीन तंत्रज्ञानाचे इतिहासकार होते, त्यांनी १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की निसर्ग माणसाच्या उपयोगासाठीच आहे ही पाश्चात्त्य ख्रिस्ती समजूत आजच्या संकटाच्या मुळाशी आहे. झालं, उत्तर द्यायला धर्मशास्त्री बायबल परत उघडून बसले, मग हळूहळू बाकी धर्मांचे अभ्यासकही आले आणि १९९६ ते ९८ मध्ये हार्वर्डला मेरी एव्हलिन टकर नि जॉन ग्रिम या धर्माच्या अभ्यासकांनी एकेक धर्म घेऊन परिषदाच भरवल्या. व्हाइट स्वतः ख्रिस्ती, त्यांनी उपायही धर्मातूनच सुचवला, सगळे जीव समान मानणाऱ्या असिसीच्या संत फ्रान्सिसांचा आदर्श. ओल्ड गोव्यात से कॅथेड्रलला लागून ज्यांचं चर्च आहे ते, झेवियर नव्हे.

सत्तरीकर:
आपल्याकडे उलटं झालं. १९७०च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक झाडांच्या अभ्यासातून देवरायांकडे आले, म्हणजे विज्ञानवाल्यांना देवाची दखल घ्यावी लागली. सरांना हे सांग. लहानपणी आजोबांनी सत्तरीतल्या बांबर गावी निरंकार देवाच्या रायीत नेलेलं, चपला बाहेर काढायला लावल्या, पाण्यातून गुडघ्यासारखी वर आलेली रानजायफळाची मुळं बघून मी घाबरलो होतो, आणि पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही असं त्यांनी बजावलं होतं.
पण एक सांगतो, श्रद्धा आहे म्हणून झाडं राहिली असं सरसकट लिहू नकोस. आमच्या गावात जुनं देऊळ पाडून स्लॅबचं बांधलं, पार्किंग केलं, तेव्हा अर्धी राय गेली. देव तोच आणि जत्रेला गर्दी तर दुप्पट. मला अजून वाईट वाटतं.

माटोळी_फोंडा:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं 🙏 आमच्याकडे सातेरी देवीची रोयण, म्हणजे वारूळ, आहे, तिच्याभोवती आता टाइल्स घातल्यात. मग मी विचारू कोणाला, पुजाऱ्यांना की गावकरांना, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांना?

सत्तरीकर:
दोघांनाही, पण आधी घाड्याकडे जा. तो गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो ते शब्दन् शब्द लिहून घे, रायीची सीम कुठपर्यंत आणि राखणदार देव कोण हे त्यात येतं का बघ.