स्टेजकोच : १९३९ चा आणि १९८६ चा टीव्हीवरचा, पाठोपाठ दाखवायचे आहेत

पौडफाटा :
एरंडवण्यात आमचा वीस-पंचवीस जणांचा चित्रपट-गट आहे. पुढच्या महिन्यात दिग्दर्शक जॉन फोर्डचा १९३९ चा 'स्टेजकोच' (अपाचींच्या मुलखातून लॉर्ड्सबर्गला निघालेल्या घोडागाडीतल्या प्रवाशांची गोष्ट) आणि त्याचा १९८६ चा टीव्ही रिमेक (विली नेल्सन, क्रिस क्रिस्टॉफरसन, जॉनी कॅश, वेलन जेनिंग्ज असलेला) एकाच रविवारी दाखवायचा बेत आहे. निम्म्या लोकांनी रसास्वादाचा वर्ग केलेला आहे, त्यांना फोर्ड नवा नाही. पण कंट्री संगीताशी कुणाचाच फारसा संबंध नाही. जाणकारांनी सांगावं :
आधी कोणता दाखवावा? रिमेक पूर्ण दाखवण्याच्या लायकीचा आहे का? आणि आठ फूट रुंदीच्या पडद्यावर, मराठी सबटायटल्ससह दाखवताना काय काळजी घ्यावी?

रीळगाडी :
आधी १९३९ चाच, यात वादच नाही. रिमेकची गंमत पात्रनिवडीत आहे. मूळ पात्रं डोक्यात पक्की बसलेली नसतील तर ती हाती लागत नाही.

सुरुवातीला दोनच मिनिटं हे सांगा. हे चौघे नॅशव्हिलच्या (अमेरिकेतल्या कंट्री संगीताचं केंद्र) ठरीव साच्याबाहेर पडून स्वतःच्या अटींवर गाणारे. १९८४ मध्ये कॅशच्या ख्रिसमस कार्यक्रमासाठी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रूला एकत्र आले, १९८५ मध्ये 'हायवेमन' हा अल्बम काढला आणि जिमी वेबनं लिहिलेलं त्यातलं शीर्षकगीत कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. १८ मे १९८६ ला सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर हा चित्रपट दाखवला गेला तो त्या लाटेवर. म्हणजे कथेसाठी नट शोधलेले नाहीत, हाताशी असलेल्या चौघांसाठी कथा शोधलेली आहे. एवढं कळलं की पुढचं बरंच उलगडतं.

वाटणी अशी : क्रिस्टॉफरसन रिंगो (तुरुंगातून पळालेला तरुण), कॅश मार्शल कर्ली, जेनिंग्ज जुगारी हॅटफील्ड. नेल्सनच्या वाट्याला डॉक्टर, पण दारुडा डॉक बून काढून त्याच्या जागी चक्क इतिहासातला बंदूकबाज डॉक हॉलिडे आणलाय. खरा हॉलिडे दंतवैद्य होता आणि १८८७ मध्ये छत्तिशीत क्षयानं गेला. नेल्सन तेव्हा त्रेपन्नचा. इतिहास शोधायला जाऊ नका.

घोटाळा मात्र इथेच होतो. फोर्डच्या चित्रपटात कर्ली आणि हॅटफील्ड हे बाजूचे लोक, मोजून वाक्यं बोलणारे. रिमेकमध्ये तेच 'स्टार' झाल्यावर त्यांना वेळ द्यावाच लागतो, आणि तो डॅलसच्या, म्हणजे गावानं हाकलून दिलेल्या वेश्येच्या, वाट्यातून कापला जातो. १९३९ मध्ये श्रेयनामावलीत पहिलं नाव रिंगो झालेल्या जॉन वेनचं नाही, डॅलस झालेल्या क्लेअर ट्रेव्हरचं आहे. चित्रपट तिचा आहे.

यासाठी ड्राय फोर्कच्या ठाण्यावरचा जेवणाचा प्रसंग दोन्हींत लक्षपूर्वक पाहायला सांगा. रिंगो डॅलसला खुर्ची देतो, ती नेमकी मिसेस मॅलरीच्या (लष्करी अधिकाऱ्याची गरोदर बायको) जवळ बसते. मॅलरी बोलत काहीच नाही, फक्त नजर. हॅटफील्ड उठतो, 'खिडकीजवळ गार वाटेल' असं म्हणत तिला टेबलाच्या पलीकडच्या टोकाला नेतो, मागोमाग बँकवाला गेटवुडही उठतो. पंगतीतून उठून जाणं म्हणजे काय ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि भोळा रिंगो समजतो की आपण तुरुंगातून पळालेलो म्हणून लोक उठले. तेव्हाच्या सेन्सॉर नियमांमुळे डॅलसचा धंदा उच्चारताच येत नव्हता. त्यामुळे सगळं काम खुर्च्या करतात. १९८६ ला तसं बंधन उरलेलं नव्हतं, आणि त्यामुळेच धार गेली असं माझं मत.

मुठेकाठ :
वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, पण वयाचा मुद्दा राहिला. १९३९ चा रिंगो करताना वेन एकतिशीचा होता, 'किड' शोभतो. १९८६ मध्ये क्रिस्टॉफरसन पन्नाशीला टेकलेला. डॅलस झालेली एलिझाबेथ ॲश्ली १९३९ चीच, म्हणजे मूळ चित्रपटाच्या वर्षीची! याला सगळे हसतात. मला उलट रिमेकची हीच एक गोष्ट जमलेली वाटते. पोरसवदा मुलगा प्रेमात पडतो ती गोष्ट वेगळी, आणि दोन दमलेली माणसं 'आता कुठेतरी थांबू या' म्हणतात ती वेगळी. अर्थात पटकथा त्याचा पूर्ण फायदा घेत नाही.

दुसरं, जागा. फोर्डनं चित्रण केलं ती मोन्युमेंट व्हॅली युटा-ॲरिझोनाच्या सीमेवर, नावाहो लोकांच्या भूमीत. फोर्डच्या चित्रपटातले अपाची हे बहुतेक नावाहोच आहेत. गाडी जाते ते लॉर्ड्सबर्ग तिथून कितीतरी दक्षिणेला, न्यू मेक्सिकोत. रिमेकचं चित्रण दक्षिण ॲरिझोनात, ओल्ड टुसॉनच्या परिसरात झालं, जिथे ते हात वर केलेले सगुआरो निवडुंग वाढतात. अपाचींचा मुलूख खरोखर त्या बाजूचा. भूगोलात रिमेक जास्त बरोबर, आणि दिसायला मूळचा दसपट भव्य. गटात यावर वाद घाला, मजा येईल.

ओळखीचे चेहरेही सांगून ठेवा. गाडीवान बक म्हणजे जॉन श्नायडर, ज्याच्या 'ड्यूक्स ऑफ हॅझार्ड' मालिकेत निवेदकाचा आवाज जेनिंग्जचा होता. मिसेस मॅलरी झालेली मेरी क्रॉस्बी ही गायक-नट बिंग क्रॉस्बीची मुलगी, आणि १९६६ च्या आधीच्या रिमेकमध्ये डॉक बून होता तो बिंग क्रॉस्बीच. कॅशची बायको जून कार्टर, मुलगा जॉन कार्टर आणि जेनिंग्जची बायको जेसी कोल्टर हेही आहेत. जवळपास घरचंच कार्य.

प्रोजेक्टरमामा :
पडद्याचं सांगतो.

दोन्ही चित्रपट जवळजवळ चौकोनी. रुंदी उंचीच्या किती पट ते पाहिलं तर मूळचा १.३७, टीव्हीचा १.३३. आठ फुटी १६:९ पडद्याची उंची साडेचार फूट, म्हणजे ४:३ चं चित्र सहा फूट रुंद पडेल आणि दोन्ही बाजूंना एकेक फूट रिकामा राहील. तिथे काळं सुती कापड सोडा. साटीन नको, चमकतं. प्रोजेक्टर आणि प्लेअर दोन्हीकडचं 'फुल' किंवा 'वाइड' बंद करून '४:३' ठेवा. एकच बदललं तर चेहरे पसरट दिसत राहतात आणि दोष कुठे आहे ते सापडत नाही. 'झूम' तर अजिबात नको : वरखाली मिळून चित्राचा पाव भाग जातो, आणि फोर्डनं मुद्दाम दाखवलेली खोल्यांची छतं नेमकी वरच्या भागात आहेत.

डिस्क अमेरिकन असेल तर रिजन १ ची (रिजन म्हणजे डिस्क कुठल्या भागात चालेल ते ठरवणारा क्रमांक) असते, आपल्याकडचे प्लेअर रिजन ५. आठवडाभर आधी लावून बघा. युरोपातली पाल या टीव्ही पद्धतीची डीव्हीडी असेल तर चित्रपट २४ ऐवजी २५ फ्रेमनं धावतो : ९६ मिनिटांचा ९२ मिनिटांत संपतो आणि सूर सुधारून घेतलेला नसेल तर आवाज सा ते कोमल रे या अंतराच्या पाऊणपटीहून थोडा कमी चढतो. कॅशचा खर्ज ऐकवायचा असेल तर हे महागात पडेल.

सबटायटल्सची गाठही तिथेच बसते. २४ च्या प्रतीसाठी बनवलेली फाइल २५ च्या प्रतीवर लावली तर तासाभरात दोन मिनिटं चोवीस सेकंदांचा फरक पडतो. सुरुवातीला जुळतं आणि पुढे सुटत जातं, हे त्याचं लक्षण. व्हीएलसी या प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये जी आणि एच या कळांनी सबटायटल मागेपुढे सरकतं, पण तो इलाज फक्त ठरावीक फरकाला. वाढत जाणाऱ्या फरकासाठी 'सबटायटल एडिट' या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदलून फाइल नव्याने साठवा.

मराठी फाइल यूटीएफ-८ मध्येच (अक्षरं साठवायची सांकेतिक पद्धत) साठवा. आणि पेनड्राइव्ह थेट टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला लावू नका. बऱ्याच यंत्रांना जोडाक्षरं जोडता येत नाहीत. 'रिंगो'ची वेलांटी र च्या उजवीकडे जाऊन बसते. लॅपटॉपवरून चालवा आणि नोटो सान्स देवनागरी फॉन्ट निवडा. दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर नको. डॉक बूनचं बोलणं लांबलचक आहे, तिथे शब्दशः न जाता छाटा.

रिमेक चालू असताना मधूनच पडदा काळा होईल. डिस्क अडकलेली नसते, त्या जाहिरातींच्या जागा. आधी सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी दिवे लावतं.

पौडफाटा :
सगळ्यांचे आभार. दोन्ही मिळून सव्वातीन तास होतात, लोक बसणार नाहीत अशी धास्ती आहे. रिमेकचे तुकडे दाखवले तर? आणि अपाचींनी गाडीचा केलेला पाठलाग दोन्हींतला दाखवावा का?

रीळगाडी :
तुकडे चालतील : सुरुवात गाडी सुटेपर्यंत, जेवणाचा प्रसंग, बाळंतपण, शेवट. एकूण चाळीस मिनिटांत बसवा.

पाठलागाची तुलना करू नका, रिमेकचा दिग्दर्शक टेड पोस्ट याच्यावर अन्याय होईल. 'हँग देम हाय' आणि 'मॅग्नम फोर्स' केलेला कसलेला दिग्दर्शक आहे, पण हाती टीव्हीचं बजेट. त्याऐवजी मूळचाच पाठलाग दुसऱ्यांदा, आवाज बंद करून दाखवा. स्टंटमन याकिमा कॅनट अपाचीच्या वेशात पुढच्या जोडीवर उडी मारतो, गोळी लागल्यावर घोड्यांच्या मधल्या दांड्याला लोंबकळतो, मग हात सोडतो आणि सहा घोडे आणि गाडी त्याच्यावरून निघून जाते. त्याचा आग्रह होता की घोडे भरधावच हवेत : वेगात ते सरळ रेषेत पळतात, हळू असले की इकडेतिकडे सरकतात आणि खुराखाली सापडायची भीती. पुढे बकच्या हातून लगाम सुटल्यावर रिंगो जोड्यांवरून उड्या मारत पुढे जातो, तोही कॅनटच.

प्रोजेक्टरमामा :
एक राहिलं. १९८६ च्या चित्रपटाचे हक्क अजून कुणाचे तरी आहेत. तिकीट न लावताही जाहीर कार्यक्रम करणार असाल तर परवानगीचं आधी बघा, फ्लेक्स नंतर छापा.